साडूंचा ट्रेलर, ताईंची अट

माझ्या साडूंनी आजवर बांधलेली एकही गोष्ट आपोआप सुटलेली नाही. ती हाताने सोडवतानाही बहुतेकदा सुटलेली नाही, हा या विधानाचा उत्तरार्ध असून तोही तितकाच खरा आहे. त्यांच्या पेणच्या घरात गॅसचा सिलिंडर ओट्याच्या पायाला बांधलेला आहे, शिडी भिंतीला बांधलेली आहे, आणि पाहुण्याची स्कूटर पाहुणा चहा घेऊन बाहेर येईपर्यंत पेरूच्या झाडाला बांधलेली सापडते. कारण विचारले तर ते "वारा आला तर?" एवढेच म्हणतात. एका दिवाळीत त्यांनी फराळाचा डबा माझ्या मोटारसायकलच्या मागे असा बांधून दिला की घरी आल्यावर तो कोणालाच सोडवता येईना. शेवटी गाडी ओटीवर घेतली, दोरीच्या दोन वेढ्यांमधून झाकण तिरके केले आणि कुटुंबाने भोवती उभे राहून चकल्या खाल्ल्या. दोरी पुढे कापावी लागली. ही गोष्ट साडूंना अद्याप कळवलेली नाही.

साडू म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळ घर गागोदे बुद्रुकचे. तिथली शेती धाकटा भाऊ बघतो. हे पेणला माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत. नोकरीची सगळी वर्षे हातात छडी घेऊन त्यांनी भिंतीवरच्या नकाशात मुलांना नद्या, घाट आणि सामुद्रधुन्या दाखवल्या आणि स्वतः उन्हाळ्याच्या सुट्टीतही उत्तरपत्रिका तपासल्या. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी एक जुनी जीप घेतली, दोन सायकली घेतल्या, एक तंबू घेतला आणि हे सगळे वाहून नेण्यासाठी जीपच्या मागे जोडायचा दोन चाकांचा ट्रेलर करून घेतला. तो करणारा माणूस एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. त्याला दोन सायकली आणि एक तंबू ही कल्पना फारशी पटली नसावी, कारण त्याने जी वस्तू बनवून दिली तिच्यात दोन म्हशी त्यांच्या वैरणीसह आरामात राहतील. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, ट्रेलर अंगणात उतरल्याच्या दिवशीच त्याचे नाव सवत असे ठेवले. साडूंनी पुढच्याच आठवड्यात त्याला ताडपत्रीचे आच्छादन शिवून घेतले. ते घरातल्या पडद्यांपेक्षा चांगल्या कापडाचे होते, असे ताईंचे म्हणणे आहे आणि ते तपासून पाहता खरे निघाले.

सामान बांधण्याचे शास्त्र साडूंनी पेणमध्येच मिळवले. त्यांच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. हंगामात तिथून टेम्पो भरून मूर्ती निघतात आणि खड्ड्याखड्ड्यांतून जाऊनही सोंड शाबूत ठेवून मुक्कामी पोचतात. साडू वर्षानुवर्षे गच्चीतून हे भरणे पाहत आले. त्यातून त्यांनी जो सिद्धान्त काढला तो त्यांच्याच शब्दांत असा: "सायकल ही उभी मूर्ती हाय. हात नाजूक, पोट दणकट. दोरी पोटाला घालायची, हाताला नाय." म्हणून ते सायकल हँडलला कधी बांधत नाहीत, मधल्या सांगाड्याला बांधतात, हँडलला फक्त जुने धोतर गुंडाळतात. पहिल्या वर्षी त्यांनी सिद्धान्त शेवटपर्यंत नेला आणि दोन सायकलींच्या मध्ये कारखान्यात वापरतात तसा भाताचा पेंढा भरला. नागोठण्याला आम्ही चहा पिऊन आलो तेव्हा ट्रेलरजवळ एक गाय उभी होती आणि पेंढा नव्हता. गायीने दोरीला तोंडही लावले नव्हते, याचे साडूंना त्या परिस्थितीतही समाधान वाटले. तेव्हापासून मध्ये गोधड्या असतात.

दोरी बांधून झाली की ती हलवून पाहण्याचा विधी असतो. एका बाजूला साडू, दुसऱ्या बाजूला मी, आणि दोघांनी सामान धरून ट्रेलर असा गदागदा हलवायचा की आळीतली कुत्री उठून दुसरीकडे जावीत. "जे रस्त्यावर हलणार ते दारातच हललं पायजे," हे त्यामागचे तत्त्व. एवढ्यावर भागत नाही. निघाल्यावर गाव संपले की जीप थांबते आणि पुन्हा हलवणे होते, कारण त्यांच्या मते दोरी पहिल्या काही मैलांत लाजते आणि मग सैल पडते. त्यानंतर प्रत्येक चहाला एकदा. जीप आणि ट्रेलर जिथे जोडले जातात त्या आकड्याखाली दोन साखळ्या फुलीसारख्या टाकलेल्या असतात. आकडा निघालाच तर ट्रेलरचे नाक जमिनीवर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडावे म्हणून. चहाच्या टपरीवर ते गिऱ्हाइकांना ओणवे करून या साखळ्या दाखवतात. वडखळजवळ एका हवालदाराने फक्त ट्रेलरच्या मागे लाल दिवे आहेत का, असे विचारले होते. साडूंनी त्याला दिवे दाखवले, सायकलींमुळे ते झाकले जाऊ नयेत म्हणून दांडा बाहेर काढून बसवलेली दुसरी जोडी दाखवली, नंबरप्लेट सायकलींच्याही मागे का लावली ते सांगितले, आणि स्टोव्हच्या छोट्या सिलिंडरची टोपी घट्ट असूनही तो उभाच का ठेवावा, या मुद्द्यावर आले तेव्हा हवालदाराने हात जोडून, "गुरुजी, जावा आता," असे म्हटले. मागे गाड्यांची रांग वडखळच्या फाट्यापर्यंत गेली होती.

एवढे सगळे साधलेल्या माणसाला एक गोष्ट साधलेली नाही. ट्रेलर जोडलेली जीप त्यांना मागे घेता येत नाही. स्टिअरिंग डावीकडे वळवले की ट्रेलर उजवीकडे जातो, हे त्यांना फळ्यावर आकृती काढून समजावता येते. प्रत्यक्षात ट्रेलर जातो आणि एखाद्याच्या कुंपणाला टेकतो. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे मागे जायचेच नाही. ज्या ठिकाणाला पुढून बाहेर पडायची वाट नाही ते ठिकाण त्यांच्या नकाशात नाही. एका भाच्याच्या लग्नाला ते ट्रेलरसह निघाले होते आणि तिथूनच पुढे तंबू ठोकायला जायचे होते. कार्यालयाची गल्ली बंद आहे हे पाहून ते तसेच पुढे गेले. अक्षता त्यांनी मुख्य रस्त्यावरून टाकल्या, असे नंतर सांगितले गेले. हे अतिरंजित असावे.

या सगळ्या सहलींना त्यांच्या बरोबर मी असे. ताई कधी आल्या नाहीत. दर हिवाळ्यात, वालाच्या शेंगा भरल्या की साडू एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत, "येतेस का गो?" आणि ताई, "तुमच्या सामानात मला कुठं बांधणार?" असे म्हणून भाजी परतत राहत. विचारण्याची आणि नाकारण्याची ही पद्धत इतकी ठरलेली होती की दोघांपैकी कोणी थांबून दुसऱ्याकडे पाहत नसे. मग ताईंचे गुडघे दुखायला लागले. गेल्या वर्षी मुलगा परदेशातून आला तेव्हा त्याने, या वयात हे ओढत हिंडणे बरे नाही, असा निकाल दिला आणि कोलाडकडचा एक रिसॉर्टवाला ट्रेलर घ्यायला तयार असल्याचेही शोधून काढले. रिसॉर्टवाला येऊन पाहून गेला. ट्रेलरला त्याने थापटले, हे साडूंना आवडले नाही. फक्त होकार द्यायचा बाकी होता आणि तो सगळ्यांनी ताईंवर सोपवला, कारण अंगण त्यांचे अडले होते.

त्याच हिवाळ्यात साडू नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. विचारताना आवाज जरा खाली होता, असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे. ती तेव्हा तिथे शेंगा मोडत बसली होती. ताईंनी गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "येते. पण वाटेत एक जरी वस्तू पडली तर सवत जाईल."

साडू हो म्हणाले. ते असेच हो म्हणणार होते. त्यांचे कधी काही पडलेच नव्हते. पण पुढचे काही दिवस त्यांच्याकडे पाहवत नव्हते. त्यांनी दोऱ्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात ताणून वाळवल्या. ताईंच्या गुडघ्यांसाठी उंच बैठकीची एक घडीची खुर्ची आणली आणि ती इतक्या ठिकाणी बांधून पाहिली की नवीन असतानाच जुनी दिसू लागली. जड ते तळाला आणि चाकांच्या जरा पुढे, हलके ते वर आणि मागे, हा नियम ते मला शिकवल्यासारखे पुन्हा सांगत राहिले. मागे वजन झाले की ट्रेलरचे नाक उचलते, जीपच्या आकड्यावर बसत नाही, आणि मग शेपटाने कुत्र्याला हलवावे तशी मागची गाडी पुढच्या गाडीला हलवते. हे सांगताना ते हाताने करून दाखवत.

आम्ही सकाळी निघालो. ताई पुढे, साडूंच्या शेजारी. मी मागच्या बाकावर. जायचे होते रोह्याला, कुंडलिकेच्या काठी. तिथे साडूंच्या एका मित्राची वाडी आहे. मित्र बरीच वर्षे आखातात अवजड ट्रेलर चालवून परतलेला. जीपचा आकडा त्यानेच तिकडून आणून दिला होता. रोह्याची वाट सरळ आहे, पण ताई पहिल्यांदाच निघाल्या म्हटल्यावर गागोद्याला भावाकडे वाकडी वाट करून जाणे आले. तिथे खळ्यातल्या पेंढ्याच्या उडवीला वळसा घालून पुढूनच बाहेर पडता येते, त्यामुळे साडूंची हरकत नव्हती.

भावाच्या घरून रिकाम्या हाताने निघण्याची आमच्याकडे रीत नाही आणि भरल्या हाताकडे टक लावून बघण्याचीही नाही. देणारा देत असताना घेणाऱ्याने दुसरीकडे बघावे. साडू आणि भाऊ पडवीत बसून या वर्षीच्या भाताविषयी बोलत होते, आणि मागच्या दाराने धाकट्या जाऊबाई आणि ताई मिळून ट्रेलरची मागची ताडपत्री वर करून तिच्याखाली नव्या तांदळाचे पोते, वालाच्या शेंगांची गोणी, एक थोराड कोहळा आणि पोपटीसाठी नवे कोरे मडके ठेवत होत्या. पोपटी म्हणजे शेंगा, बटाटे, रताळी भांबुर्डीच्या पाल्यासकट मडक्यात भरून, मडके उपडे घालून वर जाळ करायचा. हिवाळ्यात आमच्याकडे माणसे शेताच्या बांधावर जमतात ती यासाठी. सगळे सामान मागे ठेवले, कारण ताडपत्रीचे तोंड मागे होते आणि दारापासून तेच जवळ होते. निघताना साडू ट्रेलरपाशी आले, त्यांचा हात दोरीकडे गेला आणि परत खिशात गेला. भावाच्या दारात सामान हलवून बघायचे म्हणजे भावावर संशय घ्यायचा.

हे ते नेहमी गावाची वेस ओलांडली की थांबून करत. त्या दिवशी थांबले नाहीत. याचे कारण मी मागच्या बाकावरून पाहिले आहे. ताई बोलत होत्या. जाऊबाईंच्या मुलीचे कुठे जमतेय, आंब्याला मोहोर लवकर का आला, खिडकीतून ते काय दिसतेय, असे काहीबाही. त्यात महत्त्वाचे काही नव्हते. पण साडू ऐकत होते, हं म्हणत होते, एकदा तर हसलेही, आणि वेस कधीच मागे पडली.

हमरस्त्याला लागल्यावर नागोठण्यापर्यंत रस्ता इतका वाईट होता की वेगच नव्हता. खांब हे गाव यायच्या आधी नवा काँक्रीटचा तुकडा लागला, उतार होता, जीप पळायला लागली आणि एक लांबलचक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर डावीकडे गेला. मग उजवीकडे. मग जास्त डावीकडे. जीपची मागची बाजू त्याच्याबरोबर झुलायला लागली. ताईंनी समोरची दांडी धरली. साडूंनी ब्रेकवर पाय ठेवला नाही, स्टिअरिंगही फिरवले नाही. दोन्ही हात घट्ट धरून फक्त वेग उतरू दिला, आणि जीप हळूहळू शहाणी होत खांबच्या थांब्यापाशी कडेला उभी राहिली. ते उतरले, मागे गेले, ताडपत्री वर केली, तांदळाच्या पोत्याकडे पाहिले आणि मग मागे रस्त्यावर काहीतरी फुटलेले दिसले तसे तिकडे चालू लागले.

परत आले तेव्हा त्यांच्या पंच्यात मडक्याची खापरे होती. रस्त्यावर पडलेली ती त्यांनी सगळी वेचून आणली होती, कुणाच्या चाकाखाली जायला नकोत म्हणून. ताईंच्या खिडकीसमोर बॉनेटवर त्यांनी पंचा उघडला.

"पडलं," ते म्हणाले. "आता त्या माणसाला फोन कर."

ताईंनी चष्मा लावून खापरे पाहिली.

"हे तुम्ही बांधलं होतंत?"

"नाय. हाय हेच ठाऊक नव्हतं."

"मग तुम्ही बांधलेलं काय पडलं ते सांगा."

साडूंनी ट्रेलरला एक फेरी मारली. सायकली होत्या, तंबू होता, स्टोव्ह होता, खुर्ची होती. "काय नाय," ते म्हणाले, पण ते नाइलाजाने दिलेल्या साक्षीसारखे. "तरी ट्रेलर माझा. हलवून बघायचं काम माझं. अट ती अट."

"मडकं मला दिलं, मी ठेवलं, माझं पडलं," ताई म्हणाल्या. "विकायचं तर ही खापरं विका."

एव्हाना थांब्यावरची माणसे जमली होती. ट्रेलर पेणचा आहे हे कळल्यावर एका म्हाताऱ्या बाईने माघ संपत आलेला असताना आत गणपती आहेत का, असे विचारले आणि उत्तराची वाट न बघता ताडपत्रीला नमस्कार केला. साडूंना हे सगळे ऐकू येत नसावे. आपण सुटलो हे त्यांना पटत नव्हते. आयुष्यभर मुलांचे अर्धे गुण कापलेल्या माणसाला स्वतःला पुरे गुण घेणे जड जात होते. ते तसेच उभे राहिले. तेव्हा ताई दाराला धरून, एक गुडघा आधी आणि दुसरा मग, अशा खाली उतरल्या. पोते पुढे घ्यायला त्यांनी मला सांगितले, कोहळा स्वतः उचलून जीपमध्ये त्यांच्या पायाशी ठेवला. मग ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूला जाऊन सामानाला दोन्ही हात लावले.

"असंच ना?"

"जोरात गो," साडू म्हणाले. "मोडत नाय."

रोह्याला पोचायला उशीर झाला. मित्राने हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाला, "अरे, मी तिकडं अख्खं घर ओढलंय मागं, पण तुझ्या दोन सायकलींइतकी दहशत कदी बघितली नाय." मडक्याऐवजी त्याने तेलाचा रिकामा डबा दिला. त्यातली पोपटी वरून करपली आणि मध्ये कच्ची राहिली आणि सगळ्यांनी ती मिठाला लावून संपवली. घडीची खुर्ची सुटेपर्यंत ऊन उतरले होते. तोवर ताई तांदळाच्या पोत्यावर बसल्या आणि खुर्ची आल्यावरही उठल्या नाहीत.

ट्रेलर अजून त्यांच्या अंगणात आहे. रिसॉर्टवाल्याला काय कळवले ते मला माहीत नाही. त्यानंतर ते दोघे तीनदा जाऊन आले, हे पत्नीकडून समजले. मला बोलावणे आले नाही आणि ते येईल असे मानायला काही आधार नाही.

त्या संध्याकाळी मात्र मी तिथे होतो. नदीपलीकडे डोंगरांची ओळ होती. ताईंनी समोरच्या एका टोकाकडे बोट करून ते काय, असे विचारले. साडूंनी अवचितगड असे सांगितले, मग त्याच्या शेजारचा डोंगर सांगितला, मग त्यामागची खिंड, खिंडीतून उतरणारा ओढा, तो कुठे नदीला मिळतो ते. छडी नसल्यामुळे ते सायकलच्या पंपाने दाखवत होते. हळूहळू अंधारले, आधी ओढा गेला, मग खिंड, मग डोंगरही आकाशात मिसळून गेले. त्यांचा पंप तरी हवेत चाललेलाच होता. मध्ये एकदा ते थांबले आणि कंटाळलीस का, असे विचारले.

"नाय," ताई म्हणाल्या. "त्याच्या पलीकडं काय हाय?"